सौम्य हातांची दुरुस्ती

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र ६:१, मार्क १:१९



आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण उपासनेत गिटार वाजवतात. नवे वाद्य परवडत नाही, म्हणून कोणी जुने घेतो. समजा, उज्जैनच्या माधव नगरातील एका तरुणाने विजेवर चालणारी अशी जुनी गिटार घरी आणली. रंग उडालेला, तारा गंजलेल्या, वायर जोडावी तर आवाज नाही. घरचे म्हणतील, "भंगार आणलेस!" जाणता कारागीर तसे म्हणत नाही. तो आधी तपासतो.

रंगाकडे तो शेवटी पाहतो. दांडी डोळ्यासमोर धरून ती वाकली आहे काय हे पाहतो. पडदे कोठे झिजले हे बोटाने चाचपतो. मग झाकण उघडतो. या वाद्यात चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार छेडली म्हणजे त्या वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते आणि ध्वनिवर्धक तिचा मोठा आवाज करतो. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. ती कंप पावते आहे, तरी आवाज नाही, असे झाले तर पुष्कळदा दोष एवढाच असतो की आतला कथिलाचा डाख सुटला आहे. वाद्य मेलेले नसते. त्याचा संबंध तुटलेला असतो.

आम्ही मंडळीत काय करतो? एखादा भाऊ व्यसनात सापडतो, उपासनेस येईनासा होतो. आम्ही त्याचा उडालेला रंग पाहतो, आपसांत बोलतो आणि त्याला भंगारात काढतो. डाख कोठे सुटला हे विचारावयास त्याच्या घरी कोण जातो?

अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने पूर्वस्थितीवर आणावे, असे पौल सांगतो. तेथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच मार्काने जब्दीचे मुलगे तारवात जाळी नीट करीत होते तेथे वापरले आहे. जाळे नीट करावयाचे ते पुन्हा पाण्यात टाकण्यासाठी.

उज्जैनातच याचे एक उदाहरण उभे आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली येथील वेधशाळा पुढे दुर्लक्षित पडली. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिची दुरुस्ती करविली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. दुरुस्ती शोभेसाठी नव्हती. त्या यंत्रांनी पुन्हा वेध घेतले जाऊ लागले.

आता सौम्यतेविषयी. गिटारीची दांडी सरळ करताना कारागीर आतल्या सळईचा आटा एकदम पिळत नाही. पाव फेरा देतो, थांबतो, पुन्हा पाहतो. घाई केली तर सळई तुटते. अंगावरचे ओरखडे तो राहू देतो, कारण त्यांनी स्वर बिघडत नाही. आणि दुसऱ्याची तार लावण्यापूर्वी स्वतःचा कान शुद्ध आहे ना, हे पाहतो. आपणही परीक्षेत पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष द्यावे, असे पौलही त्याच वचनात बजावतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा मंद आहे असे ठरवण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन या. वडील बंधूंनो, यादीतले नाव खोडण्यापूर्वी त्या दारावर थाप द्या. पहिल्या भेटीत उपदेश नको. पाव फेरा पुरे.

आम्हां सर्वांना प्रभूने भंगारातूनच उचलले आहे. त्याचे सौम्य हात तो आम्हांस देवो. आमेन.