डोक्यामागे साठ रुपये

आमच्या चर्चच्या खरेदी समितीत कागदावर तिघं आहेत. एक निम्मं वर्ष मुलाकडे परदेशात असतात, दुसऱ्यांच्या गुडघ्यांना बोहरी आळीतली गर्दी झेपत नाही. उरलो मी. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत, भांडार विभागात माझी नोकरी झाली. त्यामुळे वस्तू पारखून, घासाघीस करून आणणं हे माझं काम, असं मंडळीनं परस्पर ठरवून टाकलं. नाताळच्या सकाळी उपासना संपल्यावर मुलांना जी भेट देतात ती मी निवडतो. ठराव डोक्यामागे ६० रुपयांचा. मुलं सव्वाशेच्या आसपास, आणि त्यांतली निम्मी मला चेहऱ्यानंही ठाऊक नसतात.

संडे स्कूलच्या पटावरची मुलं ओळखीची. कोणाला गाता येतं, कोण प्रार्थनेत डोळे किलकिले करून बघतो, सगळं माहीत. बाकीची मात्र वर्षभर फिरकत नाहीत. मागच्या वस्तीतली, आसपासच्या सोसायट्यांतल्या वॉचमनची, मंडळीतल्या घरांत धुणंभांडी करणाऱ्या बायकांची. काही गावाहून आजीकडे आलेली. गच्चीवर चांदणी लागली की त्यांना तारीख कळते, आणि पंचवीसला ती पहिल्या बाकावर असतात, केस ओले करून भांग पाडलेली.

मध्यंतरी खजिनदारांनी एक सूचना मांडली. मुलांना हजेरीची कार्डं द्यावीत, ठरावीक रविवार भरले असतील त्यांनाच भेट. 'दान सत्पात्री असावं,' ते म्हणाले, 'नाहीतर नुसतं वाटप होतं.' हिशेबाच्या दृष्टीनं सूचना बिनचूक होती. काही पालकांचाही पाठिंबा होता: आमची मुलं उन्हापावसात येतात, आणि एक दिवस उगवणाऱ्यालाही तेच?

पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली गोष्ट आठवा, एवढंच म्हणाले. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायला तासभर असताना नाक्यावर उभे असलेल्यांनाही घेऊन येतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच, पुऱ्या दिवसाची मजुरी. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. त्यांची कुरकुर मला फार खरी वाटते. त्यांना पैसे कमी मिळालेले नाहीत. ठरले तेवढे मिळालेत. दुखलं ते शेजाऱ्यालाही तेवढेच मिळाले म्हणून. आमच्या बैठकीत वेगळं काही चाललं नव्हतं.

आता या गोष्टीवर पगारपत्रक चालवता येत नाही, हे तीस वर्षं सरकारी शिस्तीत काढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. पण नाताळ हा पगाराचा दिवस नव्हे. ज्या घटनेचा हा सण, ती कोणाच्या हजेरीवर घडली असं आमचं शास्त्र म्हणत नाही. उलट लायकी नसताना मिळालं, त्याला कृपा म्हणायचं, हे आम्ही लहानपणापासून पाठ करतो. १५१७ पासून प्रॉटेस्टंटांनी भांडण मांडलं ते मुळात याच मुद्द्यावर. आणि मग मॉलमधला लाल डगला घातलेला सांता मुलाला मांडीवर बसवून विचारतो, 'वर्षभर शहाण्यासारखा वागलास ना?' भेट देण्याआधी चारित्र्याचा दाखला मागणारा हा माणूस ख्रिस्ती सणात शिरला कसा, याचं मला नवल वाटतं. हजेरीची बक्षिसं आम्हीही देतो, पण ईस्टरनंतर. तिथं हवी तेवढी कडक शिस्त लावावी.

खजिनदारांचा 'सत्पात्री' हा शब्द मात्र हलक्यात घेण्यासारखा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कोणतं ते सांगितलं आहे: द्यायलाच हवं या भावनेनं दिलेलं, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेलं, स्थळ-काळ-पात्र पाहून दिलेलं. पहिल्या दोन अटींपुढे मी मान तुकवतो. काळही आमचा ठरलेला. पात्रतेपाशी मी अडतो, कारण सात वर्षांच्या अनोळखी पोराची पात्रता मोजायची कशानं? त्याच्या बापाच्या धर्मानं? शर्टाच्या बटणांनी? पात्रतेची परीक्षा घ्यायला आधी ओळख लागते, आणि तीच इथं नाही. तेव्हा हा प्रश्न सोडवण्यापेक्षा सोडून देणंच बरं, असं माझं मत झालं. बैठकीचंही शेवटी तेच झालं, जरा कमी एकमतानं.

आता मुख्य काम. ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी घ्यायचं काय?

दरवर्षी कोणीतरी 'उपयोगी' वस्तू सुचवतं. टूथपेस्ट, साबण, वह्या, पाण्याची बाटली. हेतू चांगला असतो. पण नातवाच्या वाढदिवसाला आपण त्याला टूथब्रश गुंडाळून देत नाही. मूल गरीब आहे म्हटलं की त्याच्या आनंदातही त्याचं भलं कोंबावंसं का वाटतं, कोण जाणे. साठ रुपयांत त्याचं शिक्षण होणार नाही, आरोग्यही सुधारणार नाही. फार तर एक दुपार मजेत जाईल. तेवढीच आपली ऐपत आहे, तर ती दुपार नीट द्यावी.

मूळ कथेतही उपयोगाचं काही नाही. पूर्वेकडून आलेले ते मागी लोक सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले. गंधरस तर मढ्याला लावायचा. आमच्या नाटकात तिघं असतात, पुठ्ठ्याचे मुकुट आणि आयांच्या जरीच्या ओढण्या घालून. मत्तय मात्र आकडा देत नाही, वस्तू तीन म्हणून माणसं तीन झाली. मला त्यांच्यात जवळचं वाटतं ते असं, की त्या मुलाविषयी त्यांना जवळजवळ काहीच माहिती नव्हती. पत्तासुद्धा चुकला, राजाचं पोर म्हणून आधी हेरोदाच्या दरबारात गेले. मग घर सापडलं, नमस्कार केला, आणलेलं ठेवलं आणि दुसऱ्या वाटेनं परत गेले. पुढे त्या मुलाचं काय झालं हे बघायला ते शुभवर्तमानात पुन्हा कुठंही येत नाहीत. स्पेनमध्ये आजही मुलांना मुख्य भेटी या मागी राजांच्या नावानं ६ जानेवारीला मिळतात, ते मला सांतापेक्षा जास्त पटतं.

बोहरी आळीत मात्र मागी लोकांचा काही उपयोग नाही. तिथं भांडार विभाग कामी येतो. माझे नियम रूक्ष आहेत. मापाची वस्तू नको. कपडे, चपला, टोप्या बाद. सेल लागणारी नको, कारण सेल संपले की घरात कोण आणून देणार? दुसरं काही विकत घेतल्याशिवाय चालत नाही अशी नको. एकट्याला खेळता यावं आणि चौघांतही. मुलींना क्लिपा आणि मुलांना गाड्या ही वाटणी मी पहिल्यापासून ठेवलेली नाही. खेळण्यावर आयएसआय खूण हवीच. १ जानेवारी २०२१ पासून ती कायद्यानं सक्तीची आहे. 'काका, कोण बघतंय?' असं एक दुकानदार मला म्हणाला. त्याच्याकडची रंगीत शिट्टी दोन बोटांत धरून जरा पिळली, तर तिचं तोंड वेगळं होऊन हातात आलं. एवढासा तुकडा, दीड वर्षाच्या धाकट्या भावाच्या घशात बरोबर बसेल असा. घाऊक भावात फारच स्वस्त होती.

गेली काही वर्षं मी टेनिसचा चेंडू आणि बारा रंगांची तेलखडूची पेटी यांवर स्थिरावलो आहे. चेंडूला वय नाही, जात नाही, सूचनापत्रक नाही. मागच्या नाताळला एका पोरानं पुडकं फोडलं, चेंडू आधी मांडीवर घासला, पँटीवर, वेगवान गोलंदाज घासतो तसा, आणि मग वर बघितलं. टेनिसच्या चेंडूला घासून चकाकी येत नाही हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

माझा भाचा अर्थशास्त्र शिकवतो. तो म्हणतो, मामा, ही सगळी यातायात तोट्याची आहे. १९९३ साली जोएल वाल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. घेणाऱ्याच्या लेखी वस्तूची किंमत देणाऱ्यानं मोजलेल्या पैशांपेक्षा कमी भरते. दहा टक्क्यांपासून तिसऱ्या हिश्शापर्यंत मूल्य वाटेतच विरतं, आणि देणारा जितका लांबचा तितका तोटा मोठा. म्हणजे आमची गत सगळ्यांत वाईट. रोख साठ रुपये द्या, भाचा म्हणतो. त्याचं गणित मी खोडू शकत नाही. पण साठ रुपये घरात गेले की घराचे होतात, दुधाला जातात, आणि जावेतही. चेंडू त्या पोराचाच राहतो. ज्या घरात पोराचं स्वतःचं म्हणून काही नसतं, तिथला हा फरक वाल्डफोगेलच्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून कळणार नव्हता. ते येल विद्यापीठातले होते.

दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसतो. पहिली वचनाच्या कार्डाची. पुडक्यात एक छापील वचन घालावं, खर्च काही नाही, असं महिला मंडळाचं म्हणणं होतं. मी विरोध केला, आणि देवाच्या वचनाला विरोध करतो म्हणून थोडी बोलणीही खाल्ली. माझी आई नगर जिल्ह्यातली. दुष्काळात मिशनचं धान्य खाऊन ख्रिस्ती झालेले, हा टोमणा तिनं शाळेत ऐकला होता आणि तिच्या आईनं पाणवठ्यावर. आज तर प्रलोभनाचा आरोप कोणीही, कशावरूनही करतो. पण भीती हे माझं कारण नाही. कोणी बघत नसतं तरी मी कार्ड घालू दिलं नसतं. वचन सोबत आलं की चेंडूला किंमत चिकटते, आणि वचनालाही साठ रुपयांचा भाव लागतो. ज्याला विचारायचं असेल त्यानं येऊन विचारावं, चर्चचं दार रस्त्यावरच आहे.

दुसरी फोटोची. एका दानशूर गृहस्थांनी सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती, डोक्यामागे दीडशे रुपयांपर्यंत. अट एकच, वाटप त्यांच्या हस्ते आणि चौकात फ्लेक्स. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये, हे डोंगरावरचं प्रवचन पुण्याच्या चौकांत फारसं पोचलेलं नाही. ज्याच्यापासून सांता निघाला तो मायराचा बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातला, चौथ्या शतकातला. आख्यायिका अशी, की तीन मुलींच्या हुंड्याची सोय नसलेल्या बापाच्या खिडकीतून त्यानं रात्री सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. सापडला तेव्हा बापाला म्हणाला, कोणाला सांगू नकोस. आम्ही त्या गृहस्थांना नाही म्हटलं. साठच बरे.

एक शंका उरते, आणि ती मला पुरती सोडवता आलेली नाही. न ओळखता दिलेल्या वस्तूत प्रेम कुठलं? सव्वाशे सारखी पुडकी म्हणजे रेशनच, असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे ठोस उत्तर नाही. आम्ही एवढंच करतो, की पुडक्यांवरचं नाव आधी लिहीत नाही. टेबलाशी मूल आलं की नाव विचारायचं आणि त्याच्यासमोर लिहायचं. रांग रेंगाळते, मागचे आईबाप वैतागतात. मुलं नाव सांगतात ते शाळेच्या पटासारखं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, एका दमात. मागच्या वर्षी एक मुलगी आडनावापाशी थांबली आणि म्हणाली, 'आम्ही चर्चवाले नाही. चालेल का?' मी 'चालेल' म्हटलं आणि आडनाव विचारून लिहिलं. तिच्या आईनं मागून 'आजोबांना थँक्यू म्हण' म्हणून टोचलं, तोवर ती फाटकाबाहेर गेली होती. मला ते योग्यच वाटलं. थँक्यूसाठी मुलाला थांबवून ठेवायचं म्हणजे वस्तूचं भाडं वसूल करायचं.

यंदा पुडकी बांधायचं काम डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी तीनला चर्चच्या हॉलमध्ये आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं, कोणत्याही मंडळीचे असा वा नसा. कात्री घरून आणा, आमच्या तीनपैकी दोन चालत नाहीत. आणि टेबलावर नावं लिहायला सुवाच्य मराठी अक्षर असलेली दोन माणसं हवी आहेत.