पाच कोटींची अभिधा

संख्येचे गुणधर्म कोणाच्या इच्छेवर अवलंबून नसतात. पाच कोटी ही संख्या दोनाचा सातवा घात आणि पाचाचा आठवा घात यांचा गुणाकार आहे. तिला 72 विभाजक आहेत आणि तिला तीनाने निःशेष भाग जात नाही. ही विधाने कोणत्याही काळात सत्यच राहतात. परंतु हीच संख्या एखाद्या मागणीत उच्चारली गेली की ती भाषाव्यवहारात प्रवेश करते, आणि तिच्या सत्यतेचा प्रश्न केवळ गणिताचा न राहता नैतिक होतो.

पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांची गणिताची ओढ सर्वश्रुत आहे. 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्ली येथे मिळालेल्या शंभर एकरांच्या दानाने भूदान सुरू झाले. पुढे त्यांनी देशातील तीस कोटी एकर लागवडयोग्य जमिनीचा सहावा हिस्सा, म्हणजे पाच कोटी एकर, 1957 पर्यंत मागितला. घरात पाच पुत्र असतील तर दरिद्रनारायणाला सहावा माना, असे त्यामागचे सूत्र होते.

तीस कोटींत तीन हा अवयव आहे. सहाने भागताच तो लोप पावतो. म्हणून पाच कोटी एकरांचे पूर्ण एकरांत तीन समान वाटे पडत नाहीत. चाळिसाने गुणून त्यांचे दोनशे कोटी गुंठे केले तरी हा अडसर कायम राहतो. मात्र गुंठ्याचे 1,089 चौरस फूट धरताच तो नाहीसा होतो. अर्थात अडसर संख्येचा होता, जमिनीचा नव्हे. उलटपक्षी, जमिनीचा खडकाळपणा वा तिच्या मालकीचा वाद कोणत्याही अवयवीकरणात दिसत नाही.

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत पाहता, ‘पाच कोटी’ची अभिधा म्हणजे मोजता येणारे क्षेत्र. तिची व्यंजना निराळी आहे: धर्मशास्त्रात षड्भाग हा राजाचा अंश, तो येथे दरिद्री माणसाला मिळतो, आणि सत्तेचे स्थानांतर ध्वनित होते. प्रत्यक्षात चाळीस लाखांहून काहीशी अधिक एकर जमीन मिळाली, आणि तिच्यातीलही बरीच वाटपाविना राहिली. तेव्हा, आकडा केवळ लाक्षणिक होता, खरे उद्दिष्ट हृदयपरिवर्तनाचे होते, असा युक्तिवाद केला जातो.

हा युक्तिवाद शास्त्रतः टिकत नाही. लक्षणेला मुख्यार्थबाध आवश्यक असतो. पाच कोटी एकर देणे कठीण होते, पण त्या वाक्याचा मुख्यार्थ बाधित नव्हता. मागणी अपुरी राहणे म्हणजे मुख्यार्थबाध नव्हे. शिवाय येथील व्यंजना अभिधामूल आहे. षड्भागाचा ध्वनी मोजलेल्या सहाव्या हिश्श्यावरच उभा आहे.

पेणच्या शेजारच्या रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणणाऱ्या या रसिकाची स्वाक्षरी ज्या नोटांवर उमटली, त्यांवरील संख्येला मात्र अलंकाराची मुभा नव्हती. शंभराच्या नोटेचे शंभरच मिळावे लागतात; देणाऱ्याचा सद्भाव त्याची भरपाई करू शकत नाही.

भूदानाची नैतिक उंची यामुळे उणावत नाही. अंतःकरणे हलली हे खरेच, आणि कायद्याने न मिळालेली कित्येक लाख एकर जमीन केवळ शब्दाने मिळाली हेही खरे. परंतु संख्येने दिलेल्या वचनाचा हिशेब संख्येनेच द्यावा लागतो. नोटेच्या धारकाला जो अधिकार असतो, तोच या आकड्याबाबत भूमिहीनाला आहे. व्यंजनेचा आस्वाद घेणारा वाचक तो अधिकार त्याच्या वतीने सोडून देऊ शकत नाही.