तृषार्तास जल, हाच अभिषेक



चैत्र-वैशाख हा आपल्याकडे यात्रांचा काळ. चैत्र शुद्ध द्वादशीस शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून शंभू महादेवाच्या कावडी चढतात, चैत्र पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. याच दिवसांत सूर्यनारायण प्रखर होतो. श्रद्धेच्या बळावर भाविक अनवाणी, उपाशी चालत राहतो. परंतु देहाचे धर्म श्रद्धेने पालटत नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हातील सोहळ्यास आलेल्या १४ श्रद्धावंतांना प्राण गमवावे लागले, हे विसरता येणार नाही.

संत एकनाथ महाराजांची कथा सर्वश्रुत आहे. काशीची गंगा कावडीत घेऊन ते रामेश्वरास निघाले होते. वाटेत तप्त वाळूत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ती गंगा त्याच्या मुखी घातली. अभिषेक तेथेच पूर्ण झाला. मुक्या जीवासाठी नाथांनी कावड रिती केली. मग रांगेत शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध मातेसाठी आपण काय करतो?

घाम वाळतो तेव्हा शरीर निवते. वार्धक्यात घाम कमी येतो, तहानही उशिरा जाणवते. तान्ह्या बाळाला ती सांगता येत नाही. म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे. वृद्ध, गर्भवती व रुग्ण यांनी निर्जळ उपवासाचा आग्रह धरू नये. दर्शन प्रातःकाळी घ्यावे, दुपारी सावलीत विसावावे. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापून कोसळला, तर ‘अंगात आले’ असे समजून हात जोडून उभे राहू नये. तो उष्माघात असू शकतो. त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंग पाण्याने भिजवून वारा घालावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असता मुखात पाणी ओतू नये.

अक्षय्य तृतीयेस उदककुंभ दान करण्याची आपली परंपरा आहे. दानशूर भक्तांनी याच भावनेने पाणपोई, रांगेवर मांडव, तापलेल्या फरशीवर काथ्याच्या पायघड्या यांसाठी हातभार लावावा. बंदोबस्तावरील पोलीस, झाडलोट करणारे सेवेकरी, हारफुले विकणाऱ्या भगिनी यांनाही घोटभर पाणी विचारावे.

देवाच्या मस्तकी पडणारी धार आणि तहानलेल्याच्या ओठी लागणारा घोट, दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचतात.

॥ हर हर महादेव ॥