पितोस का रं?

आमच्या चुलत्याचा पाय मोडला ती गोष्ट आधी सांगतो. मग प्रश्नाकडं येतो.

पलूसच्या शिवारात उसाची ट्रॉली भरताना फळी सरकली. चुलता मोळीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं. एका दवाखान्यात दाखल केला. केसपेपर लिहिणाऱ्यानं मान वर न करता, सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, "पितोस का रं?" चुलता म्हणाला, "न्हाई साहेब." मी शेजारीच उभा होतो. चुलता रोज पितो हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो. पलीकडच्या खाटेवर एक बागायतदार होते. त्यांना त्याच माणसानं विचारलं, "काही सवय वगैरे नाही ना, दादा?" तेही नाही म्हणाले. दोघांच्याही कागदावर 'नाही' लिहिलं गेलं.

तिसऱ्या रात्री चुलत्याचे हात थरथरायला लागले. अंगाला घाम फुटला. गादीवर मुंग्या चालल्यात म्हणून तो ओरडायला लागला. वजन लावलेला पाय ओढून उठायला गेला. दोघा-तिघांनी मिळून त्याला खाटेला बांधलं. कुणी म्हणालं वेड लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. सकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी मला व्हरांड्यात नेऊन हळू आवाजात विचारलं, "रोज किती घेतात?" तेव्हा मी खरं सांगितलं. औषध सुरू झालं. माणूस वाचला. पाय वाकडा जुळला, तो कायमचा.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर असं उलटतं. भास होतात, झटके येतात, उपचार नाही मिळाला तर माणूस मरतोसुद्धा. पहिल्याच दिवशी कळलं तर ते गोळ्यांनी आणि 'बी-वन' जीवनसत्त्वानं बहुतेक वेळा आवरता येतं. भुलीच्या डॉक्टरला हे कळावं लागतं. टीबीची गोळी देणाऱ्यालाही कळावं लागतं, कारण टीबीची औषधं आणि दारू दोन्ही लिव्हरवरच बसतात. म्हणजे 'पिता का' हा प्रश्न औषधाचा आहे. तो विचारलाच पाहिजे.

मग चुलता खोटं का बोलला? घरी आल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, "आरं, खरं सांगितलं असतं तर काय म्हनले असते? जयभीमवाला हाय आन् पितोय. बाबासाहेबाचं नाव कशाला खराब करायचं?"

मित्रांनो, या वाक्यानं माझी झोप गेली. हा माणूस मरणाच्या दारात बाबासाहेबांची अब्रू सांभाळत होता. ती सांभाळायचं ओझं त्याच्यावर कुणी टाकलं? बागायतदाराच्या पिण्यानं त्याची जात बदनाम होत नाही. तो प्याला तर एकटा प्याला. आमचा एक प्याला की अख्खी वस्ती प्याली. म्हणून आमचा माणूस खरं बोलायला भितो.

ही भीती हवेतून आलेली नाही. आपल्या भागात हा प्रश्न नेहमी शिक्षेच्या अंगानंच विचारला गेला. शेजारचं कुंडल हे प्रतिसरकारचं गाव. 1943 ते 46 या काळात त्या लढवय्यांनी गावागावात दारूबंदी केली, सावकार आणि गुंड वठणीवर आणले. त्या कामाचं मोल मोठं आहे. पण त्यांच्या हातातही न्यायासाठी काठी होती. पुढं 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. परवान्याशिवाय पिणं हा त्यात गुन्हा. पोलिसांनी माणूस डॉक्टरपुढं उभा करायचा, डॉक्टरनं वास घ्यायचा, रक्त काढायचं, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात तर असं होतं की अपघात थेट नशेमुळं झाला असं ठरलं आणि कामगार जगला, पुरता निकामीही झाला नाही, तर मालकाची जबाबदारी टळायची. आता सांगा, ट्रॉलीवरून पडलेल्या माणसानं 'पितो' म्हणून कागदावर का लिहून द्यावं? आमच्या माणसाला कायदा पाठ नसतो. पण कागद कुणाच्या बाजूनं बोलतो हे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

तरी दुसरी रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1989 मध्ये दहा प्रश्नांची एक यादी काढली. 'ऑडिट' म्हणतात तिला. किती वेळा पिता, एका बैठकीला किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं होतं का, सकाळी उठल्यावर लागते का, कुणाला इजा झाली का. प्रत्येक उत्तराला गुण, एकूण चाळीस. आठ किंवा त्याच्या वर गेलं तर सावध व्हायचं. या यादीत 'तू दारुडा आहेस का' असा प्रश्न नाही, आणि जातीचा रकाना नाही.

आपल्या शेजारी गोव्यात हे करून पाहिलेलं आहे. तिथं प्राथमिक आरोग्य केंद्रांत कसल्याही दुखण्यासाठी आलेल्या पुरुषांना हे प्रश्न विचारले. बारा ते एकोणीस गुण पडलेल्यांतल्या काहींना नेहमीच्या उपचाराबरोबर समुपदेशकाशी बोलायला बसवलं. जास्तीत जास्त चार बैठका. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी, बोलणं झालेल्यांपैकी शंभरात 36 जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आलेले होते. नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांत 26. फरक लई मोठा वाटणार नाही. पण शंभरामागं दहा घरं वाढली, नुसत्या नीट बोलण्यानं. आणि बाकीची चौसष्ट घरं तशीच राहिली हेही विसरू नका.

आता आपल्यातले काही जण म्हणतील, बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातलं पाचवं शील तेच आहे, मग पिणाऱ्याला कसली माया? लाज वाटू दे त्याला.

मी म्हणतो, 1956 साली नागपुरात प्रत्येकानं प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडानं घेतली. दुसऱ्याला बडवायला ती काठी नव्हती. पाचवं शील प्रमादाबद्दल आहे, बेसावधपणाबद्दल. मग रोज पिणारा चुलता माहीत असून वॉर्डात गप्प उभा राहणारा मी, तो प्रमाद कुणाचा? चुलता प्याला होता. मी तर शुद्धीत होतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसारानं आपल्याच घाणीत पडलेला होता. बुद्धांनी त्याला विचारलं, तुला काय झालंय? मग विचारलं, तुझं करणारं कुणी आहे का? तो म्हणाला, कुणी नाही, मी संघाच्या काही उपयोगाचा नव्हतो. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतला, उचलून खाटेवर ठेवला. विचारणाऱ्यानं पुढच्या पाण्याची तयारी ठेवली होती.

दवाखान्याकडं आपली मागणी याच मापानं करायची. विचारायचं तर सगळ्यांना विचारा, बागायतदाराला आणि मोळी वाहणाऱ्याला, बाईला आणि बाप्याला, एकाच शब्दांत. वॉर्डासमोर नको, आडोशाला विचारा. उत्तर औषधासाठी वापरा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारूच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक त्रास आजारात धरलेत, आणि अशा रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. तो हक्क खाटेपर्यंत आला पाहिजे. आणि विचारल्यावर पुढं कुणीतरी बोलायला बसलेलं पाहिजे. 'मिरजेला जा' एवढं सांगून भागत नाही. ज्याची मजुरी बुडते तो मिरजेला दहा वेळा जात नाही.

आणि आपल्याकडूनही एक मागणी आहे. समाजमंदिरात आपण दारूविरुद्ध भाषणं ठोकतो तेव्हा पिणारा मागच्या दारानं निघून जातो. तो थांबेल असं बोलायला शिका. वस्तीतला कुणी दवाखान्यात दाखल झाला तर सोबत जा. डॉक्टरला बाजूला घेऊन खरं सांगायचं आहे, असं त्याच्या कानात सांगा. तो 'नको' म्हणाला तर समजवा, त्याच्याच तोंडून वदवा.

चुलता अजून पितो. कमी झालीय. परवा लंगडत आला आन् म्हणाला, "पुन्यांदा पडलो तर तूच सांग रं बाबा, मला बोलायला जमायचं न्हाई."

मी हो म्हणालोय.