भीतीने राखलेली राई

रानात जायचे ते कशासाठी, हा प्रश्न आपल्या आजोबांना कधी पडला नाही. ते जात ते मोळीसाठी, चुकलेल्या वासरासाठी, हिरड्या-बेहड्यासाठी. फार तर देवदर्शनासाठी. नुसती मजा म्हणून डोंगर चढायचा, असे त्यांना कोणी सांगितले असते, तर त्यांनी सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले असते. आपण मात्र जातो. शनिवारी रात्री निघतो, रविवारी रात्री परततो आणि सोमवारी कचेरीत पोटऱ्या चेपीत बसतो. यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. मी मास्तर आहे. दरवर्षी मुलांची सहल घेऊन सह्याद्रीत जातो आणि हातपाय चालतात तोवर जाणार. पण ज्या आनंदासाठी आपण जातो, त्याचे मोल कोण देतो, हा विचार काही केल्या मनातून जात नाही.

सह्याद्रीच्या खेड्याखेड्यांतून देवराया आहेत; कोकणात त्यांनाच देवरहाटी म्हणतात. माधव गाडगीळ आणि वर्तक या अभ्यासकांनी १९७६ साली त्यांच्यावर लिहिले, तेव्हा शिकलेल्या जगाचे तिकडे लक्ष गेले. खेडुतांचे लक्ष आधीपासून होतेच. पुष्कळ ठिकाणी नियम असा, की राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही. आणली तर देव कोपतो. भोवतालचे डोंगर बोडके झाले, पण राईतले वेल मांडीएवढे जाड होत राहिले आणि झरा उन्हाळ्यातही वाहत राहिला. ही राई कोणी सौंदर्यासाठी राखली नव्हती. ती भीतीने राखली. दोन घटका मन रमवावे म्हणून तिथे कोणी गेले असेल, असे मला वाटत नाही.

आता आपण भीत नाही. आपण रानावर प्रेम करतो. गंमत पाहा, भीतीने जे शतकानुशतके टिकवले, ते प्रेमाच्या पायाखाली चेंगरू लागले आहे!

ज्येष्ठाच्या तोंडी, पाऊस पडण्याआधी, अकोले तालुक्यात भंडारदरा, पुरुषवाडी या बाजूला काजव्यांनी झाडेच्या झाडे लखलखतात. ज्याने पाहिले तो जन्मभर विसरत नाही. पण तो लखलखाट आपल्यासाठी नसतो. नर काजवा दिव्याने साद घालतो, मादी दिव्यानेच उत्तर देते, आणि हा सगळा संसार दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. अंडी खाली मातीत. त्या अंधारात आपल्या मोटारींचे झगझगीत दिवे शिरले, खिशातले फोन चमकू लागले, की साद दिसत नाही आणि उत्तरही मिळत नाही. झाडाखाली बुटांची गर्दी होते ती वेगळीच. ही माणसे काही दुष्ट नसतात. मुलाबाळांना घेऊन, डबे बांधून, कौतुकाने आलेली असतात. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. दुष्टाला दटावता येते. कौतुकाला काय म्हणून दटावायचे?

भीमाशंकरची तीच कथा. तिथले सुमारे १३० चौरस किलोमीटरचे रान १९८५ साली अभयारण्य झाले. तिथे शेकरू राहते, आपल्या राज्याचा मानाचा प्राणी. एका फांदीवरून दुसऱ्या झाडाच्या फांदीवर झेपावत ते वरच्या वर प्रवास करते. जमिनीवर सहसा उतरत नाही. रस्ता रुंद झाला, मधली झाडे गेली, की त्याची वाट तुटते. आपल्याला लवकर पोहोचता यावे म्हणून त्याला खाली उतरावे लागते.

त्याच बाजूला एकदा मुलांना घेऊन चढत असताना हिरड्याची पाटी डोक्यावर घेतलेली एक महादेव कोळी म्हातारी भेटली. थांबली, मुलांकडे पाहिले आणि म्हणाली, "मास्तर, एवढी पोरं कशापायी आणली हिकडं? तुमच्याकडं झाडं न्हाईत व्हय?"

"आहेत आजी, पण थोडी आहेत."

"मंग लावा की!" असे म्हणून ती चालू लागली. मुले हसली. मीही हसलो, पण दिवसभर ते उत्तर कानात घोळत होते. तथापि तिच्याच गावात दुपारी आम्ही पिठले-भाकरी जेवलो, आणि त्याचे पैसे ज्या घरात गेले, त्या घराला आम्ही आलो याचा आनंदच झाला. पाहुणे आलेच नाहीत, तर त्या चुलीवर चार भाकऱ्या कमीच भाजल्या जातील.

काही थोर मंडळी म्हणतात, रान बंदच करून टाका. सांगणाऱ्यांनी बहुधा ते मनसोक्त पाहिलेले असते. बंदीचा फटका आधी कोणाला बसतो? चाळीतल्या मुलाला. ऐपत असलेला माणूस डोंगरावर बंगला बांधून राहतो. माथेरानला मात्र एक शहाणपण टिकले आहे: आपली मोटार दस्तुरीपाशी सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा त्या छोट्या गाडीने जायचे. त्यामुळे लोक यायचे थांबले, असे काही झालेले नाही. गर्दी आहेच. धूळ आहे, पण धूर नाही. मर्यादा घातली म्हणजे आनंद मरतो, हे मला तरी पटत नाही.

मग भीतीचे काम प्रेम करू शकेल का? भीतीचेही मी गोडवे गात नाही. काही रायांत बायकांना पाऊल टाकायची मुभा नसे, आणि जिथे भीती ओसरली तिथे राईही तुटली. परंतु भीतीला एक गोष्ट ठाऊक होती: इथून पुढे आपले नाही. आपल्या प्रेमाला ही रेघ दिसत नाही. आवडले की जवळ जावे, हात लावावा, घरी न्यावे, निदान छायाचित्र तरी काढावे, असेच त्याला वाटते.

यंदा मार्गशीर्षात सातवीचा वर्ग भीमाशंकरला न्यायचा आहे. पायवाटेवर एका वेळी वीसच मुले न्यायची, असे मी ठरवले आहे. आवाज कमी होतो, शेकरू दिसण्याची आशा राहते आणि वाटेकडेची झुडुपे वाचतात. नावे बेचाळीस आली आहेत. एस. टी.त सगळी बसतील, अडचण गाडीची नाही. तीन फेऱ्या करायच्या तर पैसे तिप्पट, आणि त्यांतल्या अकरा मुलांच्या घरून पहिलेच पैसे हप्त्याने येत आहेत. यादी माझ्या टेबलाच्या खणात आहे. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत ती तिथेच राहील.