एका टाळीचा हिशेब

मार्चमधल्या एका सकाळी आम्ही काही जण इगतपुरीहून मुलांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहायला गेलो. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी हे अभयारण्य आहे. इंग्रजांच्या काळात इथे बंधारा झाला, मागे गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळी पाहुणे उतरू लागले. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून याचेच नाव जाहीर झाले. आपल्या तालुक्यात उगम पावणारी दारणाही वर गोदावरीलाच मिळते. म्हणजे त्या पाखरांच्या पायाखालचे थोडे पाणी आपल्याकडचे! (आपल्या वाड्यापाड्यांना उन्हाळ्यात ते का मिळत नाही, हा वेगळा विषय.)

चापडगावच्या काठाने चालताना पाण्यावर चक्रवाक आणि थापट्या बदकांचा मोठा थवा दिसला. दुर्बीण एकच, मुले दहा. सर्वांना दिसावे म्हणून मी जोरात टाळी वाजवली. थवा उठला, चक्रवाकांचा नारिंगी रंग उन्हात झळकला, मुले आनंदाने ओरडली. सोबतचा गावातला वाटाड्या हळूच म्हणाला, "साहेब, नका उडवू त्यांना. आता त्यांचे जायचे दिवस आलेत."

तेव्हा मला त्याचा रागच आला. एका टाळीने कोण मरते?

पण चक्रवाक अंडी घालायला लडाख-तिबेटकडे जातात. त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे या दिवसांत अंगावर साठवलेली चरबी. प्रत्येक वेळी उडवले की त्यातली थोडी खर्च होते. आमच्यामागून दुसरी मंडळी येत होती, तीही टाळ्या वाजवणार. एखादे पाखरू हिमालयात कमी पडले, तर दोष कोणाचा? कोणाचाच नाही, असे आपण म्हणू. ते काही निरोप पाठवत नाही.

आपण कोणाला दुखावले याचा हिशेब तक्रारींवरूनच करतो. घरातही तसेच. जो बोलत नाही, त्याचे काही बिघडले नाही, असे धरून चालतो. पाखरांकडे पाहायला प्रभूने सांगितले आहे. पाहण्यासाठी त्यांना उठवा असे सांगितलेले नाही. तरीही मुलांचा तो आनंद खरा होता, आणि त्याबद्दल पस्तावा करणे मला अजून जमलेले नाही.

थवा पलीकडच्या काठाला उतरला. आम्ही बाभळीखाली बसलो आणि दुर्बीण एकेकाच्या हाती देऊ लागलो. पाळीला वेळ लागत होता. एका मुलीने विचारले, "काका, परत उडवता?"

"नाही."

"का?"

मी दुर्बीण तिच्या हातात दिली.