सरपण फुकट, धूर कुणाच्या नावावर?

चांगली गोष्ट हाताशी असताना माणूस जुन्या, त्रासदायक गोष्टीकडे परत गेला की आपण त्याला अडाणी म्हणतो. निदान हट्टी तरी. हा निकाल आपण फार पटकन देतो, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. त्याला कारण आमच्या घरातली एक शेगडी.

आमचं गाव साखरा, हिंगोली जिल्ह्यातलं. घरी सोयाबीन, तूर, थोडा कापूस आणि हळद. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गावाकडच्या स्वयंपाकघरात तीन वर्षं गॅसच्या जोडीला पेलेटची शेगडी होती. गेल्या दिवाळीनंतर आईनं ती कोपऱ्यात सरकवली आणि मागच्या पडवीतली लाकडाची चूल पुन्हा सारवून घेतली.

पेलेट म्हणजे शेतातला काडीकचरा वाळवून, भुसा करून, मोठ्या दाबाखाली बनवलेल्या करंगळीएवढ्या गोळ्या. त्यांत पाणी कमी असतं, आकार सारखा असतो, म्हणून त्या एकसारख्या जळतात. शेगडीत छोटा पंखा असतो. खालून येणाऱ्या थोड्या हवेत गोळ्या तापतात आणि त्यांतून वायू निघतो. वरच्या भोकांतून येणारी हवा तो वायू जाळून टाकते. धूर म्हणजे बऱ्याच अंशी न जळालेलं इंधनच. ते इथं जळून जातं, म्हणून डोळे चुरचुरत नाहीत. उघड्या चुलीपेक्षा हे यंत्र कितीतरी चांगलं आहे, यात वाद नाही.

वाद पुढे आहे. ही शेगडी फक्त गोळ्या खाते. तुराटी मोडून घातली तर चालत नाही. गोळ्या संपल्या की दुकानदाराकडे जायचं. तो कधी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचा, कधी भाव वाढलेला असायचा. पंख्याची बॅटरी उतरली की ती चार्ज करायला वीज हवी, आणि ती नेमकी स्वयंपाकाच्या वेळी नसायची. एकाच कंपनीची शाई घेणारा प्रिंटर ज्यानं वापरलाय, त्याला हे दुखणं समजावून सांगायला नको. आईनं ते एका वाक्यात सांगितलं: “तुराट्या आपल्या रानातल्या. त्या पेटवायला कोणाला फोन लावावा लागत नाही.”

हे आमच्याच घरात घडलं असं नाही. याच्या बऱ्याच आधी, २००६ मध्ये, ‘ऊर्जा’ नावाची पेलेट शेगडी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विकायला आली होती. बीपी ही तेल कंपनी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ती विकसित केली होती. पुढे तो व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे गेला. चार लाखांहून जास्त शेगड्या विकल्या गेल्या. मग गोळ्यांसाठी लागणारा शेतीतला कचरा महागला, त्यामुळे गोळ्या महागल्या, आणि बहुतेक घरांनी ती शेगडी वापरणं सोडलं. कंपनी हॉटेलांच्या आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली. कचऱ्याला भाव आला की तो गरिबाचं इंधन राहत नाही. २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात ५ टक्के पेलेट मिसळायचं धोरण दिलं. म्हणजे गोळ्यांसाठी आईची स्पर्धा आता वीजकेंद्राशी.

इथवर आलं की आईचा निर्णय अडाणीपणाचा वाटत नाही. जे इंधन आपल्या ताब्यात नाही त्यावर रोजची चूल टांगून ठेवू नये, हा चोख व्यवहार आहे. पुण्यातल्या मित्रांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात स्वावलंबन दिसलं. एकानं चुलीवरच्या भाकरीच्या चवीची आठवण काढली. हायवेवर ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या असतात, त्याच चवीची.

मला खटकतं ते इथे. ही स्तुती करणारा कुणीही चुलीपुढे बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली. आमच्या घरात बाबा अंगणात असतात, मी पुण्यात असतो. फुंकणी आईच्या हातात आणि हिवाळाभर खोकलाही तिलाच. गोळ्यांचे पैसे वाचले ते घराचे वाचले. त्याची किंमत मात्र एकाच माणसाच्या छातीतून वजा झाली. सरपण फुकट आहे असं आपण म्हणतो, कारण ते गोळा करायचे तास आणि पोटात गेलेला धूर कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

मग मी आईला चूल बंद करायला सांगावं का? ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणत चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला हुकूम सोडणं मला पटत नाही. पण ‘तिचा निर्णय आहे’ म्हणून हात झटकणंही सोयीचंच आहे. तिनं निवड केली हे खरं. ज्या पर्यायांतून केली ते पर्याय तिनं ठरवलेले नव्हते. आमची गॅसची जोडणी बाबांच्या नावावर. बुकिंग त्यांच्या मोबाइलवरून आणि पैसे त्यांच्या खिशातून. सिलिंडर संपत आला की आई तो पुरवून वापरते आणि चुलीकडे वळते, कारण मागायचं म्हणजे बोलायचं. उज्ज्वला योजनेतली जोडणी बाईच्या नावावर असते, तरी तिथेही २०२४-२५ या वर्षात सिलिंडर सरासरी चार-साडेचारच भरून घेतले गेले. कागदावरचं नाव आणि हातातला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून मला वाटतं, निर्णयाचा आदर करायचा तर आधी तो खरा निर्णय व्हायला हवा. दुसरा रस्ता रोज उघडा असेल तरच पहिला रस्ता निवडला असं म्हणता येतं. तो रस्ता उघडा ठेवायची जबाबदारी धूर खाणारीची नाही. ती भाकरी खाणाऱ्यांची आहे.

आमच्याकडे आता दुसरा सिलिंडर घेतलाय. बुकिंगचा नंबर आईचा आहे आणि त्याचे पैसे मी तिच्या खात्यावर टाकतो. पडवीवरचे दोन पत्रे काढून धुराला वाट केली आहे. चूल मात्र आहे. आंघोळीचं पाणी तिच्यावरच तापतं आणि बऱ्याचदा भाकरीही. आई म्हणते, गॅसवर भाकरी नीट फुगत नाही. या हिवाळ्यात कुठल्या विस्तवावर भाकरी टाकायची ते तीच ठरवेल. सिलिंडर संपला म्हणून चूल पेटली असं होऊ नये, एवढं बघणं आमच्याकडे.